शशिकला सोनकांबळेचा एकच दिवा

शशिकला सोनकांबळेचं नाव निघालं आणि कुणी तिचं कौतुक सुरू केलं, की मी अजूनही उठून पाणी आणायला जाते. दोघीही आता रिटायर झालो, पण ही सवय गेली नाही. सव्वीस वर्षं आम्ही एका खात्यात, एका डार्करूममध्ये, एका लाल दिव्याखाली काम केलं. त्यातली निदान वीस वर्षं मी तिचा हेवा केला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आमचं खातं राज्य सरकारचं, हैदराबादेत. जुने नकाशे, फर्मानं, जमिनीचे कागद यांचे फोटो काढून जपायचं काम आमच्या फोटो विभागाकडे होतं. मी आर्ट कॉलेजचा फोटोग्राफीचा डिप्लोमा घेऊन, परीक्षा देऊन, मुलाखत देऊन लागले. शशिकला वडलांच्या जागेवर लागली. तिचे वडील आमच्याच खात्यात शिपाई होते, नोकरीत असतानाच गेले. म्हणजे ती आली तेव्हा तिला फोटोतलं काहीही येत नव्हतं. डार्करूमचा अटेंडंट नरसय्या म्हणून होता, त्याने तिला अंधारात फिल्म कशी भरायची ते शिकवलं. बाकीचं ती कुठे शिकली, मला माहीत नाही. मी तिला शिकवलं नाही एवढं नक्की.

तिचं घर अंबरपेठला, माझं तारनाक्याला. तिचे आजोबा बिलोलीकडून आलेले, माझे सासरे उदगीरकडचे. ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. त्यामुळे सगळ्यांना वाटायचं, या दोघी बहिणी-बहिणी. आम्ही बिरादार, ते सोनकांबळे, बहिणी कुठल्या! पहिली दोन वर्षं मी तिच्या डब्यातलं खाल्लं नाही. कधी गुरुवारचा उपास सांगायची, कधी पोट. तिला कळत होतं. ती रोज तितक्याच सहजपणे डबा पुढे करायची आणि मी नाही म्हटलं की तितक्याच सहजपणे परत ओढायची. एका मंगळवारी मला सांगायला काहीच सुचलं नाही आणि मी तिच्या भाकरीचा तुकडा मोडला. तिने वर बघितलंसुद्धा नाही. फक्त गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. आमच्यात या विषयावर एवढंच बोलणं झालं.

सगळं ऑफिस तिला शशी अक्का म्हणायचं. जेडी साहेब, म्हणजे आमचे जॉइंट डायरेक्टर, तेही अक्का म्हणायचे. मी एकटी तिला सोनकांबळे म्हणायची. वयाने दोन वर्षांनी मोठी होती, मला ताई म्हणता आलं असतं.

दिसायला ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, पदर कायम कमरेला खोचलेला. स्वतःच्या अक्षराचा तिला भलता अभिमान होता. प्रत्येक प्रिंटच्या मागे ती माणसाचं नाव मराठीत आणि तेलुगूत लिहायची, आणि कुणी नुसतं उलटून बघितलं तरी थांबून राहायची, अक्षर छान आहे म्हणतो का बघत. मी कधी म्हटलं नाही. तिच्या मुलाला मराठी वाचता यायचं नाही, बिलोलीला गेला की दुकानाच्या पाटीवरचं एकेक अक्षर जोडत बसायचा, याचं तिला दुःख होतं. वेळेच्या बाबतीत ती थेट खोटं बोलायची. बस विद्यानगरला पंक्चर झाली, हे कारण तिने एका वर्षात किती वेळा दिलं त्याचा हिशेब नाही. आणि दुसऱ्याचं काम आवडलं तर ते सांगायची तिची पद्धत म्हणजे, ‘ठीक आहे की.’ सव्वीस वर्षांत मला तीन वेळा ‘ठीक आहे की’ मिळालं. तिन्ही वेळा मला आठवतात.

हेव्याचं कारण एकच. माणसं तिच्यासमोर वेगळी दिसायची. कागदपत्रांच्या कामातून वेळ मिळाला की आम्ही स्टाफचे ओळखपत्राचे फोटो काढायचो. मी काढलेले फोटो बरोबर असायचे. तिने काढलेले लोक घरी नेऊन फ्रेम करायचे. कॅमेरा तोच, फिल्म तीच, दिवे तेच. काळा कपडा डोक्यावर घेऊन ती कॅमेऱ्यामागे वाकायची आणि आतून बोलत राहायची. मोठ्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. ‘उलटं बघितलं की साहेब आणि प्युन सारखेच दिसायलेत गं,’ असं ती कपड्याच्या आतून मोठ्याने म्हणायची, आणि समोर साहेब असला तरी तो हसायचा. मी तेच वाक्य एकदा म्हणून पाहिलं. साहेबांनी घड्याळ बघितलं.

पुढे डिजिटल कॅमेरे आले, डार्करूमचं काम आटत गेलं. आणि मग आंध्र प्रदेशाचे दोन तुकडे होणार, तेलंगणा वेगळं होणार हे ठरलं.

ती वर्षं ज्यांनी हैदराबादच्या सरकारी ऑफिसात काढली, त्यांना वेगळं सांगायला नको. लंच अवरला गेटच्या एका बाजूला एका गटाच्या घोषणा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच्या. वीस-वीस वर्षं एका टेबलावर बसलेली माणसं एकमेकांशी फाइलवर लिहून बोलायला लागली. प्रत्येकाला फॉर्म भरायचा होता, कुठल्या राज्यात जाणार. सुपरिंटेंडंट सत्यवती गारू, म्हणजे आपल्या भाषेत सत्यवतीबाई, आंध्रातल्या गुंटूरच्या, त्यांचा ड्रायव्हर यादगिरी तेलंगणातल्या नलगोंड्याचा. त्याने आठ वर्षं त्यांना रोज घरी सोडलं होतं, आणि आता गाडीत दोघंही अवाक्षर बोलत नव्हते. आम्हा दोघींनाही दोन्हीकडचे लोक विचारायचे, तुम्ही कुणाकडून? मी गोलमाल उत्तर द्यायची. शशिकला कपाळावर हात मारून म्हणायची, ‘हमे तो पिछले बटवारे के बचे हुए लोगां हैं साब, हमको कायकू पूछते?’ तिच्या आजोबांच्या वेळी मराठवाडा निघून गेला आणि ते हैदराबादेतच राहिले, ते ती सांगत होती. लोक हसायचे आणि तिला सोडून द्यायचे.

एके दिवशी ती सरळ जेडी साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, ऑफिस तुटायच्या आधी सगळ्यांचे फोटो काढायचे. एकेकट्याचे, मोठ्या फिल्मवर. ग्रुप फोटो नको, ग्रुपमध्ये कोण कुणाशेजारी बसायचं यावरून मारामारी होईल. साहेबांना कल्पना आवडली. चार बाय पाच इंचाच्या शीट फिल्मची काही खोकी फ्रिजमध्ये पडून होती, मुदत कधीच संपलेली. कागदांसाठी वापरायचे ते जुने गरम बल्ब मात्र माणसांवर चालणारे नव्हते. त्या प्रकाशात माणसाला अर्धा-पाऊण सेकंद न हलता बसावं लागलं असतं, आणि घाम वेगळाच. म्हणून स्टुडिओ स्ट्रोब, म्हणजे स्टुडिओतला मोठा फ्लॅश, घ्यायचं ठरलं. कुठला घ्यायचा त्याची टिप्पणी लिहायचं काम माझ्याकडे आलं. इन-चार्ज मी होते.

मी तीन पानं लिहिली. ती पानं आजही बरोबर आहेत. मोठ्या फिल्मवर फोकसची खोली फार थोडी असते. नाक स्वच्छ आलं तर कान पुसट होतात. म्हणून लेन्सचं तोंड बारीक करावं लागतं. तोंड बारीक केलं की उजेड जास्त लागतो. त्यात फिल्म म्हातारी, तिला आणखी उजेड हवा. सगळा हिशेब करून मी मध्यम ताकदीचे तीन स्ट्रोब सुचवले. एक मुख्य, एक सावली भरायला, एक मागून केसांवर. पुस्तकात असंच असतं.

शशिकलाने ती पानं वाचली. म्हणाली, ‘तू हिसाब चांगला केलीस. पण एकच घेऊ. मोठा.’

‘का?’

‘तीन लावलीस की डोळ्यात तीन ठिपके यायलेत. माणूस कुणीकडं बघायलाय तेच कळंना.’

मी म्हटलं, ठिपके रीटच करता येतात. ती म्हणाली, डोळ्याला कशाला हात लावायचा?

दुसऱ्या दिवशी ती अख्खा कॅमेरा स्टँडसकट ऑटोत घालून कोठी बाजारातल्या दुकानात घेऊन आली. मी ऑफिसच्या गाडीने माझी तीन पानं घेऊन पोचले होते. दुकानदार तिला म्हणाला, ‘अम्मा, ये तीन लाइटां लेलो, पूरा सेट है.’

‘नक्को भाई. मेरेकू एकीच होना. पन बडा होना.’

तिने मला एका स्टुलावर बसवलं, कॅमेरा लावला आणि काळ्या कपड्यात शिरली. दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. स्ट्रोबमध्ये चमकणाऱ्या नळीशेजारी एक साधा बल्ब असतो, फोटो काढायच्या आधी नुसतं बघण्यासाठी. माझ्या यादीतल्या दिव्याचा तो बल्ब लावून ती आतून म्हणाली, ‘दिसंना.’ दुसरा लावला. ‘दिसंना. नाक आहे असं वाटायलंय.’ मग दुकानदाराने मागून धूळ पुसत एक जुना मोठा दिवा आणला, खाली वेगळी लोखंडी पेटी असलेला, दोघांनी उचलावा असा. त्याचा बल्ब लागला आणि माझ्या चेहऱ्यावर ऊन आल्यासारखं झालं.

‘हां,’ कपड्यातून आवाज आला. ‘आता दिसली तुझी पापणी.’

ताकदीचा हिशेब मी केला होता. फोकस करणाऱ्या माणसाला अंधुक काचेवर आधी काहीतरी दिसलं पाहिजे, हे माझ्या तीन पानांत कुठेही नव्हतं. दुकानभर लोकांसमोर, स्टुलावर बसून, मला ते कळलं.

साहेबांसमोर गेलो तेव्हा मी तरीही माझ्या तीन दिव्यांची बाजू लढवली. शशिकला म्हणाली, ‘साब, सूरज एकीच है ना?’ साहेब खुर्चीत मागे रेलून हसले आणि सही केली. हे वाक्य तिला तिथे सुचलेलं नव्हतं बरं का. ती आदल्या संध्याकाळपासून ते म्हणत होती.

दिवा आला. त्याच्यापुढे लावायला तिने आईचं जुनं पांढरं पातळ आणलं, दोन पदरी करून चौकटीवर ताणलं. नकाशाच्या खोलीत स्टुडिओ मांडला. कामाची वाटणी अशी झाली: ती कॅमेऱ्यामागे, मी माणसाशेजारी उजेड मोजायचा मीटर घेऊन. चेहऱ्यापाशी मीटर धरायचा, दिवा उडवायचा, म्हणजे फ्लॅश चमकवायचा, आकडा सांगायचा, बाजूला व्हायचं. डिप्लोमा माझ्याकडे होता.

दोन महिने रोज चार-पाच माणसं आली. दोन्हीकडची. बाहेर बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसायची आणि आत येऊन तिच्यासमोर मवाळ व्हायची. एकदा सत्यवती गारू बसल्या असताना शशिकलाला दिव्याची चौकट धरायला माणूस हवा होता. तिने बाहेर जाऊन यादगिरीला हाक मारली. तो आला, मान वळवून चौकट धरून उभा राहिला. कपड्याच्या आतून ती तेलुगूत म्हणाली, ‘यादगिरी, मॅडमच्या उजव्या गालावर सावली येते का बघ बरं.’ आता बघणं भाग होतं. त्याने बघितलं. सत्यवती गारूंनीही बघितलं. यादगिरी म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही बारीक झालात.’ त्या म्हणाल्या, ‘तुझ्या मुलीची परीक्षा कशी झाली?’ तेवढ्यात दिवा उडाला. तो फोटो मी पाहिला आहे. वेगळ्या होणाऱ्या दोन राज्यांची कुठलीही खूण त्यात नाही, एक बाई कुणाच्या तरी मुलीची चौकशी करते आहे, एवढंच.

माझाही फोटो तिने काढला. माझी आई तो बघून म्हणाली, ‘तू इतकी बरी दिसतेस होय?’ मग मी तिचा काढला. सगळं काटेकोर होतं. फोकस, उजेड, कान, नाक. ओळखपत्रावर शोभला असता. तिने तो हातात धरला, थोडा वेळ बघितला आणि म्हणाली, ‘ठीक आहे की.’ त्या वेळचं ‘ठीक आहे की’ मी त्या तिनांत धरत नाही.

आता सांगायला अवघड आहे ते.

नरसय्या रिटायर होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. सिद्दीपेटकडच्या गावी राहायचा, डोळे अधू झाले होते. शशिकलाने ठरवलं होतं की शेवटचा फोटो त्याचाच. चांगल्या अवस्थेतल्या सहा शीट तिने त्याच्यासाठी बाजूला ठेवल्या होत्या. तो बायकोला घेऊन बसने आला. नवं धोतर, घडीच्या खुणा तशाच. शशिकला त्याच्या पाया पडली. त्याने तिचा हात हातात घेऊन बोटांची पेरं डोळ्यांजवळ नेऊन चाचपली, औषधांनी अजून काळी आहेत का ते बघत, आणि हसला. मीही तिथेच होते. माझ्याशी तो बोलला, पण माझ्या पेरांना त्याने हात लावला नाही.

तो खुर्चीत बसला. मी चेहऱ्यापाशी मीटर धरला, दिवा उडवला, आकडा वाचला आणि वळले. वळल्यावर माझ्या समोर लेन्स होती. त्या जुन्या जर्मन लेन्सला एक बारीक खटका आहे, एक्स आणि एम अशा दोन खुणांचा. एक्सवर असला की शटर उघडतं आणि बरोबर त्याच क्षणी स्ट्रोब उडतो. एमवर असला की स्ट्रोब आधी उडतो आणि शटर मागून उघडतं. दिवा चमकलेला सगळ्यांना दिसतो, फिल्मवर मात्र काही येत नाही. जुन्या काळातल्या फ्लॅश बल्बसाठी तो खटका असायचा. शशिकलाने सकाळी लेन्स पदराने पुसली होती, तेव्हा सरकला असेल. खटका लेन्सच्या पुढच्या बाजूला आहे. मागे उभ्या असलेल्या माणसाला तो दिसत नाही. मला दिसला. एमवर होता.

कपड्याच्या आतून तिने विचारलं, ‘झालं?’

मी म्हटलं, ‘झालं.’ आणि बाजूला झाले.

का म्हटलं, याचा मी खूप विचार केला आहे. त्या पेरांचा राग आला होता, एवढंच सापडतं. तिने चार शीट वापरल्या. चारही वेळा दिवा लख्ख उडाला. नरसय्याची बायको प्रत्येक वेळी दचकली आणि तोंडाला पदर लावून हसली. मग शशिकलाने दोघांना जेवायला घातलं आणि बसस्टँडवर सोडून आली.

दुपारी तिने फिल्म धुतल्या. मी बाहेरच्या टेबलावर बसून होते. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात चार शीट होत्या, काचेसारख्या स्वच्छ. त्या चारही फिल्म तिने तारेवर नीट चिमट्याला लावल्या, प्रत्येक चिमट्याला नरसय्याच्या नावाची चिठ्ठी लावली आणि वाळत ठेवल्या. मग तोंड धुतलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी आली होती. हे कधीच व्हायचं नाही.

‘विजया, इकडं ये. काल मीटर घेऊन उभी होतीस तिथं उभी राहा.’

मी उभी राहिले.

‘वळ. काय दिसायलंय?’

‘लेन्स.’

‘आणखी?’

‘एम,’ मी म्हटलं.

‘काल बी दिसलं होतं?’

खोटं बोलता आलं असतं. चष्म्याचं कारण देता आलं असतं. तिनेच इतकी वर्षं बसच्या पंक्चरची कारणं दिली होती, तिने ते चालवून घेतलं असतं असंही मला वाटलं. पण मी म्हटलं, ‘हो.’

ती चिडेल, रडेल, साहेबांकडे जाईल, सगळं माझ्या मनात येऊन गेलं. तिने पुढे होऊन बोटाने खटका एक्सवर केला, त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि अंगठ्याने दाबला.

‘बरं,’ म्हणाली.

त्या दिवसापासून तिने माझ्याबरोबर डबा खाल्ला नाही. भांडण नाही, अबोला नाही. कामाचं बोलायची, पूर्वीसारखंच. फक्त एक वाजला की डबा उचलून स्टोअरमध्ये जायची. यादगिरी आणि आणखी दोघं तिथे खायचे. त्यांचं हसणं भिंतीतून ऐकू यायचं.

पुढच्या आठवड्यात तिने दोन दिवस रजा टाकली, कॅमेरा पिशवीत घातला, स्टँड जुन्या साडीत गुंडाळला आणि बसने नरसय्याच्या गावी गेली. स्ट्रोब नेणं शक्यच नव्हतं. ती पेटी दोघांनी उचलायची आणि गावात विजेचा भरवसा नाही. दोन शीट उरल्या होत्या. तिने त्याला दारात बसवलं, सकाळच्या उजेडात. तिथे काय काय झालं ते तिने मला सांगितलं नाही, यादगिरीकडून थोडं कळलं. म्हाताऱ्याला तिने सांगितलं म्हणे, परवाचे फोटो माझ्या चुकीने गेले. माझ्या चुकीने, असंच म्हणाली.

आमच्या सगळ्या फोटोंत तो फोटो सर्वांत चांगला आला. एक सेकंदाचं एक्सपोजर. नरसय्या हलला नाही, पण बायकोचा त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात किंचित हलला आणि तेवढाच भाग धुक्यासारखा आला आहे. मोठ्या दिव्याने तो हात थिजला असता. साहेबांनी व्हरांड्यात सगळे प्रिंट लावले तेव्हा हा मधोमध लावला. मी त्यासमोर उभी राहिले आणि मला शरम वाटायला हवी होती. वाटली. पण शरमेच्या आधी जे वाटलं, ते हेच की हाही तिलाच मिळाला.

नंतर वाटणीची कमिटी आली. खुर्च्या, कपाटं, पंखे, सगळ्याच्या याद्या. वस्तू एकाआड एक दोन रकान्यांत लिहीत गेले. त्यात कॅमेरा तेलंगणाकडे आला आणि दिवा आंध्रकडे गेला. मी हे हसण्यासाठी सांगत नाही, खरंच तसं झालं. फोटो विभागात जागा दोन होत्या, एक इकडे हैदराबादेत, एक तिकडे आंध्रात. आम्ही दोघींनीही हैदराबाद मागितलं होतं. दोघींचीही घरं इथे, मुलं इथे. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, विभागाची इन-चार्ज म्हणून दोघींच्या कामाबद्दल चार ओळी लिहून द्या, वर पाठवायच्या आहेत.

मी लिहिलं, ‘स्टुडिओ लाइटचं काम शशिकला सोनकांबळे यांच्याइतकं या खात्यात कुणालाही येत नाही.’

सव्वीस वर्षांत तिच्याबद्दल मी कागदावर लिहिलेली ही एकमेव स्तुती. अक्षरन् अक्षर खरी. वरच्या लोकांनी ती वाचली, यादीत दिवा कुठे गेला आहे ते बघितलं आणि दिव्याबरोबर तिलाही आंध्रकडे पाठवलं. असं होईल हे लिहिताना मला माहीत होतं का? लोक विचारत नाहीत, कारण लोकांना त्या ओळीबद्दल माहीत नाही. मी स्वतःला विचारते तेव्हा उत्तर येतं: थोडंसं माहीत होतं.

तिने ऑर्डर हातात घेतली, दोनदा वाचली आणि घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. त्या ओळीची प्रत फाइलमध्ये होती आणि फाइल तिच्या हाताखालून गेली होती, म्हणजे तिने ती वाचली असणार. निघायच्या दिवशी सगळं ऑफिस तिला गेटपर्यंत सोडायला गेलं, दोन्ही गटांतलं. मी डार्करूममध्ये ट्रे धूत बसले. त्या ट्रेंमध्ये धुण्यासारखं काही नव्हतं.

कॅमेरा माझ्याकडे राहिला. मी त्याच्यासाठी दिवा मागितला नाही, आणि फिल्मही संपली होती.

दोन-अडीच वर्षांनी मला कागदपत्रांच्या कामाने विजयवाड्याला जावं लागलं. आंध्रकडचं ऑफिस तिथे एका भाड्याच्या इमारतीत होतं, जिन्यावरसुद्धा फाइली रचलेल्या. काम आटोपलं आणि मी निघाले, तर व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीतून उजेड येत होता. दार अर्धं उघडं होतं. आत तो दिवा होता, पुढे तेच पांढरं पातळ. शशिकलाच्या हातात ऑफिसचा छोटा डिजिटल कॅमेरा. ओळखपत्राचे फोटो चालले होते. भिंतीला लागून झाडूवाल्या बायांची रांग, आणि खुर्चीवर त्यांच्यातलीच एक, पन्नाशीची, डोक्याला चप्प तेल लावलेली, पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून अवघडून बसलेली. शशिकला गुडघ्यावर बसून तिच्या पायांखाली फाइलींचा गठ्ठा सरकवत होती. मग उठली, तिचे खांदे दोन्ही हातांनी हलकेच खाली केले आणि तेलुगूत काहीतरी विचारलं. त्या बाईने सांगायला सुरुवात केली. काय ते मला ऐकू आलं नाही. बोलता बोलता ती बाई ओळखपत्राचा फोटो विसरून गेली. शशिकलाने घाई केली नाही.

मी दारात उभी होते. आजवर मी शशिकलाचा हेवा केला होता. त्या दिवशी मला खुर्चीतल्या बाईचा वाटला.

माझी पर्स दाराला लागली असावी. शशिकलाने वळून बघितलं. दिवा दाराच्या, माझ्याच बाजूला होता, तिच्या डोळ्यांवर उजेड येत होता. तिने कपाळाशी हात आडवा धरला, डोळे बारीक केले आणि विचारलं, ‘एवरंडी?’ कोण आहे, म्हणून.

मी नाव सांगायला तोंड उघडलं. खुर्चीतली बाई मान वळवून बघू लागली होती, तिची बैठक मोडत होती. मी तोंड मिटून मागे सरकले. शशिकलाने क्षणभर वाट बघितली, मग हात खाली घेतला आणि पुन्हा त्या बाईकडे वळून म्हणाली, हां, पुढे सांग.